कंपवातावरील व्यायामाचा गुण किती दिवस टिकतो ?

गेल्या दिवाळींत आमच्या वहिनींनीं आम्हांस एक प्रश्न विचारला होता. त्याचें उत्तर द्यावयास आम्हांस आठ महिने लागले. तें एकट्या वहिनींपुरतें न ठेवतां येथें लिहावें असें वाटतें. कारण ज्या घरांत वडील माणसें आहेत, अशा कोणत्याही घरांत हा प्रश्न आज ना उद्यां उपस्थित व्हावयाचाच.

आमचे ज्येष्ठ बंधु अण्णा यांचें वय आज चौऱ्याहत्तर आहे. त्यांची सारी हयात पोस्टखात्यांत गेली. अक्षर असें कीं, गांवांतील लोक अर्ज लिहून घ्यावयास आमच्याकडे न येतां त्यांच्याकडे जात, आणि आम्ही तर मास्तर ! सात वर्षांपूर्वीं त्यांचें अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत होत मुंगीएवढें होऊं लागलें, तेव्हां आम्हीं तो चष्म्याचा दोष मानला. पुढें उजव्या हाताचा आंगठा, जपाचा मणी ओढावा तसा, आपोआप हलूं लागला. वहिनींना वाटलें, नामस्मरण चाललें आहे ! नांदेडच्या डॉक्टरांनीं नुसतें चालावयास लावून रोगाचें नांव सांगितलें. तो कंपवात, ज्यास सर्वत्र पार्किन्सन असें म्हणतात.

गेल्या वर्षीं ज्येष्ठांत अण्णांना महिनाभर नांदेडास ठेवून रोज व्यायामोपचार करविले. त्यास फिजिओथेरपी म्हणतात हें आतां लहान मुलेंही जाणतात. महिन्यानंतर अण्णा स्वतःच्या पायांनीं मोटारींतून उतरले, ओटा चढले आणि आंत येऊन पाटावर बसले. वहिनींच्या डोळ्यांना पाणी आलें. परंतु दिवाळीच्या पाडव्यास ओवाळतांना असें दिसलें कीं, त्याच पाटावरून उठावयास त्यांना पुन्हा दोघांचे हात लागत आहेत. रात्रीं जेवणें आटोपल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही मास्तर आहांत, खरें सांगा. एवढा पैसा घातला तो पाण्यांतच गेला ना ? चार महिन्यांत जो गुण जातो त्यास उपचार कां म्हणावयाचें ?"

आम्हीं "पाहूं" असें म्हणून वेळ मारून नेली. पस्तीस वर्षें शाळेंत काढल्यावर, उत्तर येत नसेल तर "उद्यां सांगतों" म्हणण्याची संवय अंगीं मुरते. पण त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. अण्णांना नांदेडास नेण्याचा आग्रह मूळ आमचाच होता.

आधीं रोगाविषयीं थोडें. जेम्स पार्किन्सन हा लंडनचा वैद्य. त्यानें १८१७ सालीं या व्याधीवर एक लहानसा निबंध लिहिला. त्यांत अवघ्या सहा रोग्यांचें वर्णन आहे, आणि त्यांपैकीं कांहींना तर त्यानें रस्त्यानें जातां येतां पाहिलें होतें इतकेंच. रोगास त्याचें नांव पुढें शार्को या फ्रेंच पंडितानें दिलें. मेंदूच्या मध्यभागीं काळसर पेशींचा एक पुंजका असतो. तेथें डोपामीन नांवाचें द्रव्य तयार होतें. या पेशी हळूहळू झडत जातात, आणि ज्या द्रव्याच्या बळावर आपल्या हालचाली सुरळीत चालतात तें द्रव्य उणें पडतें. १९६० नंतरच्या दशकांत लेव्होडोपा हें औषध प्रचारांत आलें, तें ही उणीव कांहीं अंशीं भरून काढतें. आपल्याकडील खाजकुयलीच्या बियांत हेंच द्रव्य असल्याचें भारतीय रसायनज्ञांनीं १९३७ सालींच दाखविलें होतें. मात्र एवढें वाचून कोणी घरच्या घरीं खाजकुयलीचें चूर्ण सुरू करूं नये. डॉक्टरांच्या गोळीच्या जोडीला तें घेतल्यास मात्रेचा सगळा हिशेब बिघडतो.

लोकांना या रोगांत कंप तेवढा दिसतो. परंतु घरच्या माणसांना जो छळतो तो कंप नव्हे, मांद्य. ज्यांनीं लहानपणीं रूपावली पाठ केली आहे त्यांस एक दृष्टान्त पटेल. पाठ झालेलें रूप मुखांतून आपोआप निघतें. विभक्ति, वचन यांचा विचार करावा लागत नाहीं. ज्याचें पाठांतर सुटलें तो मात्र प्रत्येक विभक्ति आठवून, अडखळत म्हणतो. आपलें चालणें, उठणें, कूस बदलणें, सदऱ्याच्या गुंड्या लावणें हीं सारीं आपल्या शरीराचीं पाठ झालेलीं रूपें आहेत. कंपवातांत हें पाठांतर सुटतें. बुद्धीला रूप येत असतें. तें आपोआप मात्र येत नाहीं. म्हणून अण्णांना "आतां उजवा पाय, मोठें पाऊल, टांच आधीं" असें मनांत म्हणून चालावें लागतें. व्यायाम शिकविणारा जें शिकवितो तें मुख्यतः हेंच, कीं जें आपोआप होत होतें तें आतां लक्ष देऊन करावयाचें. आणि जें लक्ष देऊन करावयाचें त्याची उजळणी सुटली कीं काय होतें, तें सांगावयास विद्यार्थ्यांच्या बापांस मास्तर लागत नाहीं.

आतां आमच्या घरानें काय केलें तें ऐका. आमचें गांव कनेरगांव नाका, हिंगोली जिल्ह्याच्या अगदीं कडेला, वाशीमच्या सडकेवर. १९४८ पर्यंत अलीकडे निजामाचा मुलूख आणि पलीकडे वऱ्हाड होतें. गांवाच्या नांवांतला नाका अजून त्या सीमेची आठवण देतो. रोज घरीं येऊन व्यायाम करवून घेईल असा जाणता माणूस आम्हांस येथें मिळाला नाहीं. नांदेडहून निघतांना तेथील व्यायामशिक्षिकेनें चौदा व्यायामांचा कागद लिहून दिला होता. तो आम्हीं देव्हाऱ्याशेजारीं भिंतीवर लाविला. आषाढभर तो नियमानें चालला. श्रावणांत व्रतवैकल्यें, उपास, पाहुणे. व्यायाम एक दिवसाआड झाला. गणपतींत खोली रिकामी करावी लागली. पितृपक्षांत आम्हीच म्हणालों, "राहूं द्या हो अण्णा, सध्यां दगदग नको." त्यानंतर कागद भिंतीवर होता एवढेंच.

आणि व्यायाम सुटला हा अर्धाच अपराध झाला. खरा अपराध प्रेमाचा आहे. एकत्र कुटुंबांत हात पुष्कळ असतात. अण्णा उठूं लागले कीं सूनबाई धांवते. तांब्याकडे हात गेला कीं नातू तो उचलून तोंडाशीं नेतो. गुंड्या लावावयास वहिनी, चपला घालावयास पुतण्या, पाठीमागें टेकण ठेवावयास आम्ही. त्यांना न्हाऊं घालावयाचें, वस्त्र नेसवावयाचें, नैवेद्य पुढें ठेवावयाचा आणि एका जागीं बसवून ठेवावयाचें. आम्हीं सर्वांनीं मिळून अण्णांना देव्हाऱ्यांतला देव करून टाकिलें होतें. ज्या शरीरास उजळणी हवी होती त्याची प्रत्येक उजळणी आम्ही आपल्या हातांनीं हिसकावून घेत होतों, आणि वर म्हणत होतों कीं नांदेडचा गुण टिकला नाहीं.

हें आम्हांस उशिरां समजलें. अण्णांचा थोरला मुलगा पुण्यास यंत्रविद्येच्या धंद्यांत आहे. त्यानें निरनिराळ्या देशांत यावर झालेले प्रयोग वाचून रविवारीं रविवारीं आम्हांस दूरध्वनीवरून समजावून दिले. त्यांतील सर्व येथें देत नाहीं. वहिनींच्या प्रश्नास जेवढें लागू तेवढेंच देतों.

इंग्लंड, बेल्जम व हॉलंड या तीन देशांत मिळून केलेला एक प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत १५३ रोग्यांना त्यांच्या घरींच तीन आठवडे तालावर चालावयास शिकविलें. चालण्यांत थोडी परंतु निश्चित सुधारणा झाली. सहा आठवड्यांनीं पुन्हा पाहिलें तों ती बरीचशी ओसरली होती. म्हणजे जें आमच्या घरीं झालें तेंच तेथें झालें. अण्णांत कांहीं न्यून नव्हतें, कीं नांदेडच्या बाईंतही नव्हतें. दुसरा प्रयोग ब्रिटनमधील, २०१६ सालचा, ७६२ रोग्यांचा. रोग फार वाढलेला नव्हता अशा लोकांकडे शिकविणारे सरासरी चार वेळां गेले, सल्ला दिला, थोडें करवून घेतलें. निष्कर्ष असा निघाला कीं, कांहींच फरक पडला नाहीं. हा निष्कर्ष ऐकून आमचा पुतण्या खट्टू झाला. आम्ही मात्र झालों नाहीं. वर्षांत चार तास घेऊन कोणता विद्यार्थी संस्कृत शिकला आहे ?

याच्या उलट अमेरिकेंतील प्रयोग पाहावेत. ओरेगन प्रांतांत १९५ रोग्यांपैकीं कांहींना ताई ची नांवाचा चिनी संथ व्यायाम आठवड्यांतून दोनदां, तासतासभर, सहा महिने शिकविला. त्यांचा तोल इतरांपेक्षां सुधारला, पडणें कमी झालें, आणि शिकविणें बंद झाल्यावर तीन महिन्यांनीं पाहिलें तेव्हांही तो गुण उरलेला होता. हें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. त्याहून दीर्घ प्रयोग पुढील वर्षीं छापला गेला. त्यांत माणसें थोडीं, अवघीं ४८; पण काळ दोन वर्षांचा. आठवड्यांतून दोन वेळां व्यायाम. एका गटास क्रमानें वाढत जाणारें वजन उचलावयास दिलें, दुसऱ्यास ताण, तोल व साधी कसरत. वजन उचलणाऱ्यांची स्थिति दोन वर्षांच्या अखेरीस, औषधाचा अंमल नसतांनाही, आरंभापेक्षां चांगली निघाली. ज्या रोगांत दोन वर्षांत खालीं जावयाचें हीच रीत, त्यांत ही गोष्ट आम्हांस मोठी वाटली. पुढें २०२१ सालीं जपानी संशोधकांनीं सहा महिने किंवा त्याहून अधिक चाललेल्या अशा अनेक प्रयोगांचा एकत्र विचार केला. त्यांनाही दीर्घकाळ चालूं ठेवलेल्या व्यायामानें हालचालींतील दोष कमी होतात व औषधाची गरज थोडी उणी राहते असें आढळलें.

येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. झडलेल्या पेशी व्यायामानें परत येतात असें कोणी सिद्ध केलेलें नाहीं. रोग जागच्या जागीं आहे, व तो पुढेंच जाणार. परंतु रोगानें जितकें जातें त्याहून अधिक आपण बसून घालवितों, आणि हें अधिकचें मात्र परत मिळवितां येतें. पतंजलींनीं योगसूत्रांत अभ्यासाच्या तीन अटी सांगितल्या आहेत. तो दीर्घ काळ हवा, मध्यें खंड नको, आणि आदरपूर्वक हवा. आम्ही हें सूत्र मुलांना शिकवीत आलों. भिंतीवरील कागदाला तें लागू आहे हें आम्हांस सुचलें नाहीं.

पुण्यामुंबईकडील लोकांनीं ही गोष्ट पुष्कळ आधीं ओळखली. मुंबईस २००१ सालीं या रोग्यांसाठीं 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' स्थापन झाली. ठिकठिकाणीं केंद्रें काढून ती रोग्यांना एकत्र व्यायाम करविते. पुण्यास पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. रोगी व त्यांचीं घरचीं माणसें एकत्र येतात, सभा भरवितात, एकमेकांच्या घरीं जाऊन समाचार घेतात. त्याच शहरांत हृषीकेश पवार या नर्तकानें या रोग्यांसाठीं नृत्याचे वर्ग चालविले. सत्तरी उलटलेले गृहस्थ व गृहिणी संगीतावर हात उंचावून पावलें टाकतात, आणि दाराशीं अडखळणारा पाय तालावर अडखळत नाहीं ! आमच्या पुतण्यानें त्याचें चलच्चित्र पाठविलें. अण्णांनीं तें पाहिलें व म्हणाले, "आतां या वयांत मला नाचवतां काय ?" वहिनी चटकन म्हणाल्या, "नरसीला नामदेवांच्या देवळांत पावली खेळत होतां तें काय होतें मग ?"

हा विषय तेथेंच निकालांत निघाला. तालावर चालण्याचा उपाय परदेशीं यंत्राच्या टिकटिकीनें करतात. नातवानें मोबाइलमधून तीही लावून पाहिली. अण्णा म्हणाले, हें घड्याळ डोक्यांत जातें. तेव्हां माळ्यावरचे टाळ काढले. नातू पुढें टाळ वाजवितो, अण्णा मागून पावली टाकतात; ओटीपासून मागल्या अंगणापर्यंत व परत, अशा दहा खेपा. पहिल्या आठवड्यांत शेजारचीं मुलें पाहावयास जमत. आतां त्यांतलीं दोघें स्वतःच मागें चालतात.

दारापाशीं मात्र टाळाचेंही चालत नसे. कंपवाताच्या रोग्याचा पाय अरुंद जागीं, वळणावर आणि दाराशीं खिळतो; भुईला चिकटल्यासारखा होतो. आमच्या जुन्या घराला सात उंबरठे ! प्रत्येकापाशीं अण्णा निजामी नाक्यावरील गाडीसारखे उभे. मौज अशी कीं, हाच मनुष्य जिना भराभर चढतो. पायऱ्यांच्या कडा डोळ्यांना दिसतात, म्हणून पाऊल उचलतें. सपाट भुईवर खूण नसते. हें कळल्यावर सूनबाईनें प्रत्येक उंबरठ्याच्या अलीकडे व पलीकडे भुईवर पांढऱ्या रंगाचे आडवे पट्टे ओढले, वीतभर अंतर सोडून. आरंभीं रांगोळीनें ओढले होते, ते दुपारपर्यंत पुसत. अण्णा आतां पट्टा पाहून तो ओलांडतात. पाय खिळलाच तर ओढावयाचें नाहीं, पुढून हात धरावयाचा नाहीं, घाई करावयाची नाहीं. थांबावें, ताठ व्हावें, भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा आणि मग "एक" म्हणून मोठें पाऊल टाकावें. हें नांदेडच्या बाईंनीं शिकविलें होतें. आम्हीच विसरलों होतों.

व्यायामाची वेळही आम्ही चुकवीत होतों. पहाटे स्नानाच्या आधीं व्यायाम करावा हा आपला संस्कार. परंतु पहाटे रात्रीच्या गोळीचा अंमल उतरलेला असतो आणि अंग लाकडासारखें असतें. आतां सकाळची गोळी घेतल्यावर तासाभरानें, अंग मोकळें झालें म्हणजे टाळ निघतात. गोळी व भरपूर वरण किंवा दूध हीं एकाच वेळीं घेतल्यास औषध नीट शोषलें जात नाहीं, म्हणून गोळी जेवणाच्या बरीच आधीं. ज्यांना चक्कर येते किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनीं डॉक्टरांना विचारल्याविना वजनें उचलूं नयेत. आमच्याकडील वजनें म्हणजे वाळू भरलेल्या दोन पिशव्या. त्या महिन्यामहिन्यानें थोड्या जड करतों. तोलाचे व्यायाम करतांना एकानें मागें, पण हातभर अंतरावर उभें राहावयाचें.

हें हातभर अंतर राखणें हाच घराचा खरा व्यायाम होऊन बसला आहे. नियम असा केला कीं, अण्णांनीं मागितल्याशिवाय कोणीं हात लावावयाचा नाहीं. पडण्याचें भय असेल तेथें अर्थात् अपवाद. गुंड्या लावावयास त्यांना दहा मिनिटें लागतात. वहिनी त्या वेळीं स्वयंपाकघरांत निघून जातात. त्यांना तें पाहवत नाहीं. एकदां आम्हीं त्यांना विचारलें, तर म्हणाल्या, "लेकराला चालावयास शिकवितांना हात सोडावा लागतो, तें केलें आहे. पण तेव्हां तें पुढें मोठें होणार असतें हो." यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

माघांत अण्णा एकदां मोरीपाशीं पडले. हाड वांचलें, परंतु आठ दिवस निजून राहिले आणि त्या आठ दिवसांत दोन महिन्यांचें मिळविलेलें बरेंच गेलें. सूनबाई रडली, कारण त्या क्षणीं ती जवळ होती आणि नियम म्हणून मागें थांबली होती. अण्णांनीं तिला जवळ बोलावून सांगितलें, "मुली, चूक माझी. मी पाऊल न मोजतां वळलों." नवव्या दिवशीं त्यांनीं स्वतःच टाळ मागितले. मोरीपाशीं भिंतीला लोखंडी दांडी बसविली आहे. ती आधींच बसवावयास हवी होती.

आज हिशेब मांडावयाचा तर असा. अक्षर सुधारलें नाहीं. रात्रीं कूस बदलावयास अजून मदत लागते. गोळीची मात्रा या वर्षांत एकदां वाढली. पाटावरून उठण्याचें म्हणाल तर, भिंतीचा एक हात घेऊन ते आपले आपण उठतात. दिवाळीला दोघे लागत होते. संध्याकाळीं आम्ही दोघे भाऊ स्टेशनाकडे फिरावयास जातों. पूर्वीं अर्ध्यावरून परतत होतों. आतां अण्णा फलाटापर्यंत जातात, बांकावर टेकतात, आणि अकोल्याकडील गाडी गेली कीं निघतात.

वहिनींना आम्हीं उत्तर दिलें तें असें : "वहिनी, नांदेडास आपण गुण विकत घेतला नव्हता, पाठ घेतला होता. तो घरीं म्हणावयाचा राहिला." त्यांनीं तांदूळ निवडतां निवडतां ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग यंदां गणपतींत खोली कोणती रिकामी करावयाची ?"

गणपति यंदां ओटीवर बसणार आहेत. टाळांची जागा ठरलेली आहे. आषाढाच्या अखेरीस अण्णांना चार दिवसांपुरतें नांदेडास न्यावयाचें आहे. कोणता व्यायाम वाढवावा, कोणता सोडावा हें बाईंना दाखवून घ्यावयाचें, आणि भिंतीवर नवा कागद आणावयाचा. जुना कागद तेलकट होऊन गेला असून त्यावरील अक्षरें आतां लागत नाहींत.